पिवळ्या फेसाची पारख

अरुणाताई बोडस निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अंडं खाल्लं, आणि तेही नकळत.

झालं असं, की नोव्हेना भागातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. रोग्यांच्या नमुन्यांमधले जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. रोगी कधी दिसत नसे. दिसायच्या त्या काचेच्या बश्या आणि त्यांच्यावरचे बारकोड. मिरजेत बी.एस्सी. आणि लॅबचा डिप्लोमा करून, जहाजाच्या इंजिनांवर काम करणाऱ्या चंद्रशेखर बोडसांशी लग्न करून त्या इथे परदेशात आल्या, यिशुन भागात फ्लॅट घेतला, आणि रोज सकाळी यिशुन ते नोव्हेना आणि संध्याकाळी नोव्हेना ते यिशुन या मेट्रोच्या एका लाल लाइनवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. हातात काही आलं की ते बघायचं, वास घ्यायचा, वेळ लावायची, लिहून ठेवायचं, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी केक आणला. बिनअंड्याचा, कारण अरुणाताई अंडं खात नाहीत हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. भाषणं झाली, फोटो झाले, आणि मग लॅबमध्ये आठ महिन्यांपूर्वी लागलेली लिन नावाची हनोईची मुलगी म्हणाली, "आंटी, माझ्याकडून एक कॉफी. आमच्याकडची. जवळच आहे."

मागच्या गल्लीतल्या छोट्याशा कॅफेत बुटक्या स्टुलांवर दोघी बसल्या. कॉफी आली ती गरम पाण्याच्या वाटीत ठेवलेल्या कपातून. वर पिवळसर, दाट फेस. अरुणाताईंना वाटलं, कस्टर्ड असेल. चमच्याने थोडं चाखलं. मग खालची काळी, कडू कॉफी त्या फेसातून वर आली, आणि दोन्ही एकदम जिभेवर मिळाली. अरुणाताईंनी डोळे मिटले.

"लिन, हे काय आहे?"

"एग कॉफी, आंटी."

"म्हणजे नाव आहे तसं."

"नाव पण, आणि अंडं पण. पिवळा बलक फेटतात, कंडेन्स्ड मिल्कबरोबर."

अरुणाताईंनी कप खाली ठेवला. लिनचा चेहरा पडला. "तुम्ही अंडं खात नाही? मला वाटलं, तुम्हाला फक्त केकमधलं आवडत नाही!"

दुसरी कुणी असती तर तिला आधी देवधर्म आठवला असता. अरुणाताईंना आठवला साल्मोनेला. सव्वीस वर्षं ज्या जंतूला त्यांनी बशीबशीतून ओळखलं, तो कच्च्या अंड्यातून येतो. त्यांनी काउंटरवर जाऊन अंडी कुठली वापरता ते विचारलं, पाश्चराइज केलेल्या अंड्यांचा खोका स्वतः उलटा करून तारीख वाचली, परत येऊन बसल्या आणि उरलेला कप शांतपणे संपवला. तळाशी राहिलेला फेस त्यांनी चमच्याने खरवडला, हे लिनने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी जाताना मेट्रोमध्ये अरुणाताई अपराधीपणाची वाट बघत बसल्या. तो काही आला नाही. यिशुन आलं तरी त्या विचार करत होत्या, की इतका दाट फेस कपात बसतो कसा.

घरी चंद्रशेखर चहा घेऊन क्रिकेट बघत होते.

"अहो, मी आज अंडं खाल्लं."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "किती?"

"कपभर."

सगळी हकिकत ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी माझं ऑम्लेट वेगळ्या तव्यावर, खिडकीशी उभा राहून करतोय. पावसाची झड आत आली तरी. आणि तू बाहेर जाऊन कपभर अंडं पिऊन आलीस!" एवढं बोलून त्यांना जे हसू फुटलं, ते जेवायला बसेपर्यंत थांबत नव्हतं.

निवृत्तीचे पहिले पंधरा दिवस अरुणाताईंनी कपाटं आवरली. सोळाव्या दिवशी आवरायला काही उरलं नाही. लेक अनुया पाया लेबार भागात ऑफिसात, चंद्रशेखर अजून आठवड्यातून तीन दिवस शिपयार्डमध्ये सल्लागार म्हणून जाणारे. सकाळी सातला अंगवळणी पडल्याप्रमाणे त्या तयार होऊन बसायच्या आणि मग कुठे जायचं नाही हे आठवायचं. त्या कॉफीची चव मात्र जिभेवरून उतरत नव्हती. शेवटी एका गुरुवारी त्यांनी एक कोरी वही घेतली, पर्समध्ये टाकली आणि निघाल्या.

असं सुरू झालं. दर गुरुवारी एक कॅफे. लिन नावं पाठवायची, अरुणाताई जायच्या, कोपऱ्यातलं टेबल पकडायच्या. लोक कॉफीचे फोटो काढत, अरुणाताई घड्याळ लावत. फेस किती वेळ टिकतो, कप तिरका केल्यावर घसरतो का, वास अंड्याचा येतो की दुधाचा, खालची कॉफी थेंबाथेंबाने गाळलेली आहे की पावडर ढवळलेली, कप पाण्याच्या वाटीत आला की नुसता. पाया लेबारच्या मॉलमध्ये एका चकचकीत दुकानात फेस अर्धा तास ताठ उभा राहिला. अरुणाताईंनी वहीत लिहिलं, 'संशयास्पद. यात साय आहे. दाढीच्या साबणासारखा.' यिशुनमध्येच घराजवळ एक स्टॉल होता, तिथली कॉफी इतकी पातळ की फेस तीन मिनिटांत बुडाला. नोव्हेनाची पहिली कॉफी त्यांनी पुन्हा जाऊन प्यायली, तेव्हा लक्षात आलं की ती चांगली होती, पण गोड जरा जास्तच. पहिल्या प्रेमाला आपण मार्क जास्त देतो, असं त्या अनुयाला म्हणाल्या.

"आई, यू सिरियस आह?" अनुया म्हणाली. "लोक रिटायर होऊन योगा करतात."

"योगाला वही लागत नाही," अरुणाताई म्हणाल्या.

मग त्यांना हान यांचं दुकान सापडलं. बिशानला गाडी बदलून पाया लेबार, आणि तिथून जू चियाटच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालत. जुन्या दुकानांच्या रांगेत पाच टेबलांची जागा, भिंतीवर हनोईच्या तळ्याचं फिकट झालेलं चित्र. चालवणारी सत्तरीची बाई, बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले. तिचे वडील हनोईत रस्त्याकडेला कॉफी विकायचे, आणि एग कॉफी ती त्यांच्याकडून शिकली. मेन्यूकार्डावर एवढंच छापलं होतं, बाकी बाई अवाक्षर बोलत नसे.

तिथली पहिली कॉफी सकाळी दहाची. अरुणाताईंनी एक घोट घेतला आणि घड्याळ लावायचंच विसरल्या. फेस रेशमी होता, अंड्याचा वास शून्य, आणि कडवटपणा तळातून हळूच असा वर यायचा, की गोड कुठे संपलं ते कळू नये. वहीत त्यांनी फक्त एक शब्द लिहिला: 'हीच.'

पुढच्या गुरुवारी डेंटिस्टकडे जायचं होतं म्हणून त्या दुपारी तीनला पोचल्या. कॉफी आली. फेस सैल, मधे खड्डा पडलेला. तिसऱ्या वेळी सकाळ, पुन्हा उत्तम. चौथ्या वेळी दुपार, पुन्हा बसकी.

आता, एकाच नमुन्याचे दोन निकाल आले की अरुणाताईंना चैन पडत नसे. उठून त्या काउंटरशी गेल्या आणि लॅबमध्ये विचारायच्या त्याच आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही दुपारी दुसरी अंडी वापरता का? की फ्रिजमधून काढल्या काढल्या फेटता? सकाळी आणि दुपारी फरक पडतो. मी लिहून ठेवलंय." आणि त्यांनी वही उघडून पुढे केली.

हान यांनी वहीकडे पाहिलं. तारखा, मिनिटं, 'फेस सैल', 'मधे खड्डा'. त्यांच्या मानेवरची शीर उठली.

"तुम्ही इन्स्पेक्टर आहात?"

"नाही नाही, मी आपली..."

"कॉफी आवडली नाही तर पैसे परत घ्या. माझं दुकान परीक्षा द्यायला नाही उघडलेलं." आणि त्यांनी खरोखरच नोटा काउंटरवर ठेवल्या. दोन टेबलांवरची माणसं मान वळवून बघू लागली.

अरुणाताईंनी नोटांना हात लावला नाही. बाहेर येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसल्या. तीन बस गेल्या. कानशिलं तापली होती. नमुन्याला राग येत नाही, लाज वाटत नाही, त्याला घरी जाऊन जेवायचं नसतं. सव्वीस वर्षं आपण अशाच गोष्टींशी बोललो, आणि आज एका जित्याजागत्या बाईच्या कामाला बशीत घालून भिंगाखाली धरलं. घरी त्यांनी चंद्रशेखरना सांगितलं. ते हसले नाहीत.

"चूक झाली असं वाटतंय ना?"

"हो."

"मग जाऊन तसं सांग. गुरुवारपर्यंत कशाला थांबतेस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वही घरी ठेवली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे हान पाठमोऱ्या उभ्या होत्या, भांडं पोटाशी धरून तारेच्या फेटणीने बलक आणि साखर फेटत होत्या. उजव्या मनगटावर घट्ट इलॅस्टिकची पट्टी. थोडं फेटायचं, थांबायचं, हात झटकायचा, ओठ दाबायचा, पुन्हा फेटायचं. त्या थांबल्या की भांड्यातला फेस खाली बसत होता. अरुणाताईंना सगळं एका क्षणात कळलं. सकाळी हात ताजा असतो, दुपारपर्यंत मनगट भरून येतं. अंड्याचा दोष नव्हताच.

हान वळल्या आणि त्यांना पाहून थबकल्या.

"मी माफी मागायला आले," अरुणाताई म्हणाल्या. "काल मी फार वाईट तऱ्हेने विचारलं. तुमची सकाळची कॉफी मी आजवर प्यायलेली सगळ्यात चांगली कॉफी आहे. हे आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलंच नाही."

हान भांड्याकडे वळल्या. पुन्हा फेटणी उचलली, दोन फेरे मारले आणि कळ आल्यासारखा हात थांबला.

"द्या इकडे," अरुणाताईंच्या तोंडून निघून गेलं.

"तुला येतं?"

"अंडं नाही. पण कॉफी फेटायला येते."

आणि ते खरंच होतं. मिरजेला घरी पाहुणे आले, की इन्स्टंट कॉफी, साखर आणि चार थेंब पाणी स्टीलच्या पेल्यात घालून चमच्याने फेटायचं काम अरुणाचं. काळपट रंग बिस्किटासारखा फिका होईपर्यंत, हात न थांबवता. तीन भावांच्यात एवढं एकच काम असं होतं जे तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही.

हान यांनी क्षणभर विचार केला आणि भांडं पुढे सरकवलं. अरुणाताईंनी ते डाव्या कोपरात धरलं. पहिली दोन मिनिटं बलक नुसताच फिरत राहिला. त्यांनी हात बदलला नाही, वेग बदलला नाही. हळूहळू पिवळा रंग फिका व्हायला लागला, फेटणीचा आवाज बदलला, आधी खळखळ होती ती मऊ झाली. हान जवळ येऊन वाकून बघत होत्या.

"मनगट नको. खांद्यातून," त्या म्हणाल्या. मग, "हं. आता थांबू नकोस." आणि थोड्या वेळाने, "बस."

त्यांनी स्वतः कॉफी गाळली, त्यावर फेस सोडला, कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवला. दोघींनी एकाच कपातून दोन चमच्यांनी चाखलं. हान यांनी जीभ टाळ्याला लावून विचार केला.

"साखर तू नीट विरघळू दिली नाहीस."

"हो. किंचित कचकचतंय."

"बाकी बरं आहे." मग त्या बाईच्या तोंडावर, इतक्या भेटींत पहिल्यांदा, हसू आलं. "काल तुझ्या वहीत काय लिहिलं होतंस? मधे खड्डा?"

"हो."

"खड्डा होताच."

दोघी इतक्या हसल्या की दारात आलेला पोस्टमन बघत राहिला.

हान यांच्या सुनेने आणून दिलेलं फेटायचं इलेक्ट्रिक मशीन कपाटात होतं, पण त्यांना ते मान्य नव्हतं. त्याने हवा फार भरते, फेस फुगतो आणि चवीला पोकळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. अरुणाताईंनी दोन्ही करून पाहिलं आणि त्यांना पटलं. ठरलं ते असं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक ते पाच, फेटायचं काम अरुणाताईंचं. पगाराचं बोलणं निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला शिकवा, तेवढं पुरे." हान यांनी ते ऐकलं नाही. काम करणाऱ्याने पगार घेतलाच पाहिजे, नाहीतर त्याला रागावता येत नाही, हा त्यांचा हिशेब.

आणि त्या रागावायच्या. फेस घट्ट झाला की, सैल झाला की, अरुणाताई गिऱ्हाइकांशी बोलत राहिल्या की. पहिल्या महिन्यात अरुणाताईंचा खांदा इतका दुखला, की चंद्रशेखर रोज बाम चोळून देत. शिकायला म्हणून त्यांनी घरी अंडी आणली. यिशुनच्या सुपरमार्केटमध्ये अंड्यांच्या रॅकपाशी उभ्या राहून त्यांनी प्रत्येक खोक्याची तारीख वाचली. चंद्रशेखर मागे ट्रॉली धरून उभे होते आणि ही अंड्यांची खरेदी बघायला कुणीतरी ओळखीचं भेटावं अशी मनोमन प्रार्थना करत होते. घरच्या कॉफीचे पहिले सहा कप त्यांनाच प्यावे लागले. सहाव्यानंतर ते म्हणाले, "अरुणा, मी चहावालाच आहे. पण हा कप मी स्वतःहून मागितला असता."

हान यांना त्या मॅडम म्हणत, ते हळूहळू ताई झालं. ताई म्हणजे मोठी बहीण, हे सांगितल्यावर हान म्हणाल्या, "मग तू माझी एम. आमच्याकडे धाकटीला एम म्हणतात."

वर्षभराने हनोईत हानताईंच्या भाचीचं लग्न ठरलं. सात वर्षांत त्या गावी गेल्या नव्हत्या, कारण दुकान बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर येई. या वेळीही पत्रिका काउंटरवर आठवडाभर पडून होती. अरुणाताईंनी ती उचलली, तारीख वाचली आणि म्हणाल्या, "बारा दिवस. मी बघते."

"एकटी?"

"माझे मिस्टर आहेत. इंजिनं सांभाळलीत त्यांनी, पाच टेबलं सांभाळतील."

चंद्रशेखर शिपयार्डमधून रजा घेऊन आले खरे, पण पहिल्या दिवशी त्यांनी टेबलांना जहाजासारखे नंबर दिले आणि ऑर्डर अशा खणखणीत आवाजात सांगू लागले की गिऱ्हाइकं दचकली. दुसऱ्या दिवशी लोक मुद्दाम ते ऐकायला थांबू लागले. तिसऱ्या दिवशी अनुया ऑफिसातल्या सहाजणांना घेऊन आली आणि आईला ॲप्रनमध्ये, बाह्या वर करून, भांडं कोपरात धरून फेटताना बघून दारातच उभी राहिली.

"आई," ती मराठीतच म्हणाली, "तू किती छान दिसतेयस."

"खांद्यातून फेटायचं असतं," अरुणाताई म्हणाल्या. "आत ये, दार अडवू नकोस."

लग्नाच्या दिवशी ऐन गर्दीत हानताईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे वाजंत्री, फुलं, लाल कपड्यातली माणसं.

"कप दाखव."

अरुणाताईंनी कप कॅमेऱ्यासमोर धरला.

"तिरका कर."

त्यांनी तिरका केला. फेस जागचा हलला नाही. हानताईंनी फोन फिरवला आणि आपल्या भाषेत मोठ्याने काहीतरी बोलल्या. पडद्यावर एकदम पंधरा-वीस चेहरे गोळा झाले, म्हातारे, पोरं, खुद्द नवरी, आणि सगळे हात हलवून अरुणाताईंना काहीतरी सांगू लागले. त्यातला एकच शब्द त्यांना कळला: एम. त्यांनी भरलेल्या डोळ्यांनी हात हलवला. पाठीमागून चंद्रशेखर ओरडले, "टेबल चार, दोन कप, घाई आहे!"

हानताई परतल्या त्या टवटवीत होऊन. बारा दिवसांत मनगटाला आराम पडला होता. आता सकाळ त्यांची आणि दुपार अरुणाताईंची, अशी सरळ वाटणी आहे. पट्टी कधीमधी दिसते, पण दुपारच्या फेसाची चिंता कुणाला नाही.

परवाच एक म्हातारे चिनी टॅक्सीवाले, सकाळचे नेहमीचे, पहिल्यांदाच दुपारी आले. त्यांनी अरुणाताईंची कॉफी सावकाश प्यायली, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "आंटी, गुड. पण मॉर्निंगची थोडी बेटर, लाह."

काउंटरमागून हानताईंनी मुद्दाम मोठा खोकला काढला. अरुणाताईंनी ॲप्रनला हात पुसले, समोरचं स्टूल ओढलं आणि त्या टॅक्सीवाल्यांसमोर बसल्या.

"बरं झालं सांगितलंत," त्या हसत म्हणाल्या. "कुठे कमी पडते? गोडीला, की फेसाला? घाई नाही, अजून एक कप करते, तो पिऊन सांगा."